बटण माणसाकडं ठेवलं म्हणून भागत नाही
वर एका दादांनी लिहिलंय की मारायचा निर्णय माणसाकडं ठेवला की लष्करातल्या एआयची भीती नाही. मला नाही पटत बगा. मार्च २००३ ला इराक युद्धात अमेरिकेच्या पेट्रियट या मिसाईल पाडणाऱ्या यंत्रणेनं दोस्त ब्रिटिशांचंच टोर्नेडो हे लढाऊ विमान शत्रूचं मिसाईल समजून पाडलं, समोर माणसं बसलेली होती की, पण ठरवायला हातात मोजके सेकंद, अन् विमानातले दोघंही गेले. इकडं वाळूजच्या कारखान्यात प्रेस मशीनवर खोटा अलार्म सारखा वाजायला लागला की ऑपरेटर न बघताच रिसेट दाबतो, त्याला एकट्याला दोष देऊन काय उपयोग? म्हणून लष्करी एआयच्या टेस्टिंगमधे नुसती मशीनची अचूकता कशाला बघता, मुद्दाम चुकीचं उत्तर देणाऱ्या केसेस घाला, जवान रात्रपाळीनं लई थकलेला असताना टेस्ट घ्या, अन् तो मशीनला नाही म्हणतो का, किती सेकंदात म्हणतो, ते मोजा.