पोस्ट उडवा, पण का उडवली ते तरी सांगा

घोडबंदरकर:
पालघरचं प्रकरण आठवतंय ना? नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब गेल्यावर मुंबई बंद होती, त्यावर एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने नुसतं लाईक केलं आणि दोघींना अटक. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. त्यात लावलेलं आयटी कायद्याचं ६६अ कलम, म्हणजे ऑनलाईन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून अटक करायचं कलम, सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, आपण सगळे खूश. पण त्याच निकालात त्याच कायद्याचं ६९अ, म्हणजे ब्लॉक करायचं कलम, कायम राहिलं हे कोणी वाचलंच नाही. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणं लावून सरकार अकाउंट ब्लॉक करू शकतं आणि २००९ च्या नियमांप्रमाणे सगळी कारवाई गोपनीय. पूर्वी अटक झाली की निदान कलम तरी कळायचं, आता पोस्ट गायब आणि विचारायचं कुणाला?

नेरूळचा नाना:
हे एसीत बसून बोलायला ठीक आहे. धुळ्यात राईनपाड्याला २०१८ मध्ये काय झालं? मुलं पळवणारी टोळी आली अशी अफवा मोबाईलवर फिरली आणि पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. तिथे काय नोटीस पाठवून उत्तराची वाट बघत बसायचं का?

घोडबंदरकर:
नाना, ती अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली, आणि ६९अ लावून घराघरातले फॉरवर्ड कसे थांबवणार सांगा. त्या वर्षी कंपनीने फॉरवर्ड पाच चॅटपुरतं मर्यादित केलं, त्याला सेन्सॉरशिप लागली नाही.

कळव्याची ताई:
तुम्हा दोघांच्या भांडणात बायका कुठेच नाहीत. कुणी मुलीचा डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेला खोटा व्हिडिओ, टाकला तर तिला तत्त्वं नकोत, व्हिडिओ खाली यायला हवा, तोही आत्ता. २०२१ च्या नियमांत अशा तक्रारीवर २४ तासांत काढायचं असं आलं, २०२६ पर्यंत तेच होतं, मला तर तेही जास्तच वाटायचे.

घोडबंदरकर:
ताई, त्याला कोण नाही म्हणतंय! तिथे जिचा व्हिडिओ तीच तक्रार करते. माझं भांडण सरकार स्वतःवरची टीका काढतं त्याच्याशी आहे. फॅक्ट चेक युनिट आणलंच होतं की, केंद्राच्या कामाबद्दलची बातमी खोटी आहे हे केंद्राचंच युनिट ठरवणार, म्हणजे परीक्षार्थीच पेपर तपासणार. मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये ते रद्द केलं म्हणून बरं.

वाशीवाला:
गडकरी रंगायतनला नाटक लावायचं तरी आधी परिनिरीक्षण मंडळाचं सर्टिफिकेट लागतंच की. इतकी वर्षं चाललंय, रंगभूमी बुडाली का? ऑनलाईनवाल्यांचेच लाड कशाला?

घोडबंदरकर:
मला ते मंडळही नकोच आहे, पण तिथे निदान लेखकाला समोर सांगतात की हे वाक्य काढ. तो वाद घालतो, कोर्टात जातो.

नेरूळचा नाना:
बरं, कारण सांगावं हे मान्य. पण आग लागलेली असताना आधी काढायचं, मग सांगायचं.

घोडबंदरकर:
६९अ च्या नियमांत तशी सोय आहेच हो, तातडीचं असेल तर आधी ब्लॉक आणि ४८ तासांत समितीपुढे. फक्त समितीत सगळे सरकारी अधिकारी, आणि नोटीस कंपनीला गेली तरी भागतं, लिहिणाऱ्याला पत्ताच नाही. तुमचंच अकाउंट उद्या बंद झालं तर अर्ज कुठे करणार, नाना?

नेरूळचा नाना:
माझं कशाला बंद करतील, मी तसलं काही लिहीतच नाही.

कळव्याची ताई:
पालघरच्या त्या दुसरीने तरी कुठे लिहिलं होतं?