मदत हवी आहे : कर्क्युमिनची बायोफिल्म-चाचणी कशी करावी?

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूच्या बायोफिल्मवर (पृष्ठभागाला चिकटून वाढणाऱ्या जिवाणूंच्या थरावर) लसणातील अजोइन आणि हळदीतील कर्क्युमिन यांचा परिणाम तपासत आहे. अजोइन जिवाणूंमधील रासायनिक संदेशवहन, म्हणजेच कोरम सेन्सिंग, रोखते. त्यामुळे प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या संसर्गांसाठी ते मला विशेष मोलाचे वाटते. अडचण कर्क्युमिनची आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने डीएमएसओ हे द्रावक वापरावे लागते, तरीही कर्क्युमिनचे कण प्लेटच्या तळाशी बसतात, आणि बायोफिल्म मोजण्यासाठीचे क्रिस्टल व्हायोलेट हे रंजक तर जिवंत व मृत अशा दोन्ही पेशींना रंगवते. बायोफिल्म खरोखर घटली की केवळ जिवाणूंची वाढ मंदावली, हे वेगळे दाखवण्यासाठी किमान रोधक मात्रेपेक्षा (जिवाणूंची वाढ रोखणाऱ्या सर्वांत कमी मात्रेपेक्षा) कमी मात्रेवरील चाचणीसोबत वसाहतींची मोजणी पुरेशी ठरेल का? जाणकारांनी आपण कोणती नियंत्रणे (तुलनेसाठीचे नमुने) ठेवली, हे कृपया सविस्तर सांगावे.