‘पुसट’, ‘अंधुक’, ‘धूसर’ आणि फोरके मॉनिटर

विचारणा

मी मुद्रितशोधनाचे काम घरून करतो. चोवीस इंची जुन्या मॉनिटरच्या जागी सत्तावीस इंची फोरके (३८४० × २१६० पिक्सेलांचा) मॉनिटर घेतल्यापासून आमच्या गटातील आणखी काही जणांनीही तसेच मॉनिटर घेतले, आणि त्यांच्यासाठी मॉनिटरच्या जुळवणीविषयी एक मराठी टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. लिहायला बसल्यावर शब्दांपाशीच अडलो. ‘रिझोल्यूशन’साठी ‘विभेदन’ लिहावे की ‘सुस्पष्टता’? ‘स्केलिंग’ला काय म्हणावे? सर्वांत मोठी अडचण अशी की, ज्याला त्याला विचारावे तर ‘अक्षर पुसट दिसते’ हे एकच उत्तर मिळते, आणि प्रत्यक्ष जाऊन पाहिले तर प्रत्येकाच्या पडद्यावर काहीतरी वेगळेच बिघडलेले असते. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

‘सुस्पष्टता’ येथे नक्की टाळावी. तो परिणाम आहे, मोजमाप नव्हे. भरपूर रिझोल्यूशन असलेल्या पडद्यावरही अक्षर अस्पष्ट दिसू शकते, हे आपल्या गटातील मंडळी रोजच अनुभवत असणार.

‘विभेदन’ हा भौतिकशास्त्रातील शब्द आहे. जवळजवळ असलेले दोन तारे दुर्बिणीतून वेगवेगळे दिसतात की एकच दिसतात, हे ज्यावरून ठरते ती दुर्बिणीची विभेदनक्षमता. मॉनिटरच्या खोक्यावर ३८४० × २१६० असे जे छापलेले असते ती केवळ आडव्या-उभ्या पिक्सेलांची, म्हणजे चित्र घडवणाऱ्या बारीक ठिपक्यांची, मोजदाद आहे, आणि ते पिक्सेल आपल्याला वेगवेगळे दिसतील की नाही याचा त्यात काहीच बोध होत नाही. तो बोध होतो घनतेवरून, म्हणजे पिक्सेल किती दाट बसले आहेत यावरून, आणि डोळ्यांपासूनच्या अंतरावरून. सर्वसाधारण निरोगी डोळ्याची मर्यादा एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतकी धरतात. साठ सेंटिमीटर अंतरावर ती सुमारे ०.१७५ मिलिमीटर भरते. आपल्या जुन्या चोवीस इंची १९२० × १०८० मॉनिटरचा पिक्सेल ०.२७७ मिलिमीटरचा होता, म्हणजे या मर्यादेहून बराच मोठा. सत्तावीस इंची फोरके मॉनिटरचा पिक्सेल ०.१५५ मिलिमीटरचा, म्हणजे मर्यादेच्या आत. तेव्हा ‘या अंतरावरून पिक्सेल सुटे दिसत नाहीत’ हे सांगायचे असेल तेथे ‘विभेदन’ शोभून दिसेल. नुसत्या मोजदादीला रिझोल्यूशनच म्हणावे. तो शब्द आता कोणाला परका वाटत नाही.

टिपणात आणखी एक भेद ठळकपणे करावा. मॉनिटरला एक अंगभूत रिझोल्यूशन असते आणि संगणकातून निवडलेले दुसरे असू शकते. अक्षरे बारीक दिसतात म्हणून पुष्कळ लोक सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशनच उतरवतात. असे करताच मॉनिटरला कमी पिक्सेलांचे चित्र ताणून आपल्या ठरावीक पिक्सेलांवर बसवावे लागते. २५६० × १४४० निवडले तर चित्रातील एका पिक्सेलच्या वाट्याला पडद्यावरचे दीड-दीड पिक्सेल येतात, आणि अर्ध्या पिक्सेलवर रंग भरता येत नसल्यामुळे कडा सारवल्यासारख्या होतात. १९२० × १०८० निवडले तर हिशेब पूर्ण दुपटीचा असल्याने चित्र रेखीव राहायला हवे, परंतु बहुतेक मॉनिटर तेथेही कडा मऊ करून टाकतात. रिझोल्यूशन अंगभूतच ठेवावे आणि अक्षरांचा आकार वेगळ्या मार्गाने वाढवावा, हे टिपणातील पहिले वाक्य असायला हरकत नाही.

प्रतिसाद

तो वेगळा मार्ग म्हणजेच स्केलिंग, आणि त्यासाठी नवा शब्द घडवण्याची गरजच नाही, कारण मराठीत ‘पट’ आहे. विंडोजमध्ये ही वाढ १००, १२५, १५०, १७५, २०० अशा पंचवीस-पंचवीस टक्क्यांच्या पायऱ्यांनी दिलेली असते. आपल्याकडे त्यांना एकपट, सव्वापट, दीडपट, पावणेदोनपट, दुप्पट अशी तयार नावे आहेत, आणि पुढे सव्वादोनपट व अडीचपटही आहेत. पावकीने हिशेब करणाऱ्या भाषेला या सेटिंगचे वावडे असण्याचे कारणच नाही.

या शब्दांनी हिशेबही सोपा होतो. जुन्या मॉनिटरवर सोळा पिक्सेल उंचीचा मजकूर सुमारे ४.४ मिलिमीटर उंच दिसत असे. नव्या मॉनिटरवर एकपट ठेवल्यास तोच मजकूर अडीच मिलिमीटरवर येतो, आणि मग माणसे नाक पडद्याला लावून बसतात. विंडोज या आकाराच्या मॉनिटरला बहुधा दीडपट सुचवते. त्याने उंची ३.७ मिलिमीटर होते. अक्षर अगदी पूर्वीइतकेच हवे असेल तर पावणेदोनपट करावी लागते, म्हणजे पुन्हा जवळजवळ ४.४. दिवसभर मुद्रिते वाचणाऱ्याला मी पावणेदोनपटच सुचवेन. जागा थोडी कमी मिळते, परंतु अक्षराचा आकार तोच राहून त्यात पिक्सेल तिपटीहून अधिक पडतात, आणि अशा मॉनिटरवर पैसे खर्च करण्याचे मुख्य कारण तेच आहे.

मॅकवाल्यांसाठी टिपणात वेगळा परिच्छेद लागेल. तेथे ‘२५६० × १४४० सारखे’ असे निवडले की संगणक सगळे चित्र आधी दुप्पट मापाने, म्हणजे ५१२० × २८८० वर, काढतो आणि मग ते पाऊणपट करून ३८४० × २१६० मध्ये बसवतो. दुपटीची पाऊणपट म्हणजे दीडपट, तेव्हा अक्षराचा आकार विंडोजच्या दीडपटीइतकाच येतो. मात्र विंडोज अक्षराची रेषा थेट दीडपट मापाने नव्याने आखते, आणि मॅकवर आखून झालेले चित्र आकसले जाते. म्हणून शिरोरेषेसारखी बारीक आडवी रेषा मॅकवर कधीकधी एका काळ्या ओळीऐवजी दोन राखाडी ओळींत विभागलेली आढळते. या घनतेला ते सहसा खुपत नाही. भिंग लावून पाहणाऱ्यास मात्र दिसते, आणि मुद्रितशोधकांच्या हाती भिंग असतेच.

विंडोजवरही एक अपवाद आहे. जुन्या धाटणीचे काही प्रोग्रॅम स्वतः मोठे होऊ शकत नाहीत, तेव्हा विंडोज त्यांची खिडकी छायाचित्रासारखी ताणते. सगळा पडदा रेखीव आणि एकच खिडकी धूसर असेल, तर दोष डोळ्यांचा नव्हे आणि मॉनिटरचाही नव्हे. त्या प्रोग्रॅमच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘कम्पॅटिबिलिटी’त जाऊन हाय डीपीआयची (जास्त घनतेच्या पडद्यांसाठीची) सेटिंग बदलून पाहावी.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादात ‘धूसर’ हा शब्द आला आहे आणि तो योग्य ठिकाणी आला आहे. मूळ विचारणेतील ‘पुसट’चा गोंधळ येथेच सुटतो. पुसट, अंधुक, धूसर, फिकट हे शब्द आपण बोलताना एकाच्या जागी दुसरा वापरतो, परंतु ते समानार्थी नाहीत, आणि मॉनिटरच्या बाबतीत त्यांचा भेद पाळला तर तक्रार ऐकूनच उपाय सांगता येतो.

पुसट म्हणजे पुसले गेल्यासारखे. झिजलेल्या खिळ्यांची छपाई पुसट असे: रेषा जागच्या जागी, पण शाई अपुरी. पडद्यावर हे दिसते ते फार सडपातळ वळणाचा टंक (फॉन्ट) निवडल्यामुळे, मजकुराचा रंग काळ्याऐवजी राखाडी ठेवल्यामुळे किंवा कॉन्ट्रास्ट उतरवल्यामुळे. घनता वाढल्यावर बारीक रेषा खरोखरच बारीक उमटतात. जुन्या मॉनिटरवर एका पिक्सेलपेक्षा बारीक रेषा काढण्याची सोयच नसल्याने तेथे हेच टंक आपोआप जाड भासत असत. टंकाचे वजन, म्हणजे रेषेची जाडी, एका पायरीने वाढवले की ही तक्रार मिटते.

अंधुक म्हणजे उजेड कमी. दिवेलागणीला दिसते ते अंधुक. उपाय ब्राइटनेसचा, आणि तो पडद्यापेक्षा खोलीकडे पाहून करावा. बहुतेक मॉनिटर कारखान्यातून गरजेपेक्षा बरेच प्रखर येतात, तेव्हा घरात ‘अंधुक’ची खरी तक्रार क्वचितच येते, येते ती पडद्यावर मागच्या खिडकीची तिरीप पडते तेव्हा. अशा वेळी ब्राइटनेस चढवत नेण्यापेक्षा मॉनिटर खिडकीशी काटकोनात बसवावा.

फिकट हा रंगाचा गुण आहे. काळे करडे दिसते आणि पांढरे मळकट. एचडीएमआयच्या केबलने जोडलेल्या मॉनिटरला संगणक कधीकधी टीव्ही समजतो आणि ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढ्याच मर्यादेतील रंग पाठवतो, हे त्याचे नेहमीचे कारण. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ‘फुल रेंज’ निवडली की काळा रंग काळा होतो. कोणी कितीही कॉन्ट्रास्ट वाढवला तरी हे त्याने सुधारत नाही, म्हणून ही तक्रार पुसटपासून वेगळी नोंदवलीच पाहिजे.

आणि धूसर म्हणजे धूळ किंवा धुके मध्ये आल्यासारखे: शाई पुरेशी, उजेड पुरेसा, तरी कड सापडत नाही. ताणलेले रिझोल्यूशन किंवा ताणलेली खिडकी यांचे हे लक्षण आहे. मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत ‘शार्पनेस’ असतो, तो चढवून धूसरपणा घालवण्याचा मोह होतो. तसे करू नये. त्याने अक्षराभोवती पांढरी किनार उमटते आणि धूसर असलेले बटबटीत होते.

पुन्हा विचारणा

सर्वांचे आभार. ‘धूसर’ची व्याख्या वाचून आमच्या कामातील एका जुन्या शंकेचाही उलगडा झाला. आमच्याकडे सर्वाधिक निसटणाऱ्या चुका ध आणि घ, भ आणि म यांच्या असतात. कायदेविषयक एका मजकुरात ‘भरणपोषण’चे ‘मरणपोषण’ झालेले दोन वाचनांतून सुटले होते. याचा पडद्याशी संबंध असू शकतो का? आणि एक वेगळा प्रश्न: एका सहकाऱ्याचा माउसचा बाण नव्या मॉनिटरवर ठेचकाळत चालतो. त्यांनी मॉनिटर नवा घेतला, केबल मात्र जुन्या टीव्हीची वापरली आहे.

प्रतिसाद

संबंध आहे. ध आणि भ यांना घ आणि म यांच्यापासून वेगळे करणारी मुख्य खूण म्हणजे डाव्या बाजूला तुटलेली शिरोरेषा आणि तिथली छोटी गाठ. लहान आकारात जुन्या मॉनिटरवर या तुटीच्या वाट्याला एखादाच पिक्सेल येतो, आणि कडा मऊ करण्यासाठी त्यात राखाडी छटा भरली की तूट बुजल्यासारखी होते. मग वाचणारा संदर्भावरून अक्षर ठरवतो, आणि मुद्रितशोधकाने नेमके तेच करायचे नसते. पावणेदोनपट ठेवून तोच मजकूर पाहिल्यास त्या तुटीत दोन पिक्सेलांची पांढरी जागा मोकळी राहते. अनुस्वाराचा ठिपका, रफार आणि ‘द्ध’च्या पोटातला ध यांनाही हाच लाभ होतो. ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांचा घोळ मात्र कळफलकावरचा आहे. त्याचा दोष मॉनिटरला देता येणार नाही.

बाणाच्या दुखण्याचे कारण आपणच लिहिले आहे. एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीतून फोरके चित्र सेकंदाला तीसच वेळा जाते. ६० वेळा जाण्यासाठी किमान २.० लागते, आणि ती आवृत्ती संगणक, केबल व मॉनिटर या तिघांनाही पेलली पाहिजे. डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीत १.२ पासून हे जमते. सेकंदाला किती वेळा चित्र जाते त्या ‘रिफ्रेश रेट’साठी कोठेतरी ‘ताजेतवाने दर’ असे वाचल्याचे आठवते, ते कृपया टिपणात घेऊ नये. पारिभाषिक शब्द हवाच असेल तर ‘वारंवारता’ आहे, आणि नाहीतर ‘६० हर्ट्झ’ एवढे लिहिले तरी पुरते. साठवर नेऊनही रंगीत अक्षरांच्या कडा, विशेषतः काळ्यावरील तांबड्या, ओघळल्यासारख्या दिसल्या तर रंगाची माहिती काटछाट करून पाठवली जात आहे असे समजावे. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ४:२:० ऐवजी ४:४:४ निवडावे.

प्रतिसाद

एक लहान भर. टिपणात रंगाच्या तापमानाचा उल्लेख येईलच. तेथे ‘उबदार’ आणि ‘थंड’ लिहू नये. चित्रकलेच्या वर्गात आपण उष्ण आणि शीत रंग म्हणतच आलो आहोत. तेवढी सूचना द्यावी की केल्विनचा आकडा जितका कमी तितकी छटा उष्ण, म्हणजे पिवळसर-तांबूस. नेहमीच्या कामाला ६५०० हा प्रमाण आकडा ठेवावा, आणि कोरा पांढरा कागद पडद्याशेजारी धरून ब्राइटनेस कागदाच्या पांढरेपणाशी जुळेपर्यंत उतरवावा. कागदापुढे पडदा भगभगीत वाटेनासा झाला की डोळे चुरचुरण्याची निम्मी तक्रार कमी होते. उरलेली निम्मी पापण्या न लवल्यामुळे असते.

पुन्हा विचारणा

टिपणाचा आरंभ आता असा केला आहे: ‘मॉनिटरचे रिझोल्यूशन अंगभूतच ठेवावे. अक्षर लहान वाटल्यास विंडोजमध्ये दीड पट किंवा पावणे दोन पट वाढ निवडावी. तक्रार कळवताना अक्षर पुसट, अंधुक, फिकट की धूसर, यांपैकी एकच शब्द निवडून कळवावा.’

प्रतिसाद

उत्तम. फक्त ‘दीडपट’ आणि ‘पावणेदोनपट’ हे शब्द जोडून लिहावेत. आणि तक्रार दोन प्रकारची असू शकते, म्हणून ‘एकच शब्द’ऐवजी ‘नेमका शब्द’ करावे. आमच्या कार्यालयातील एक पडदा फिकट आणि धूसर दोन्ही होता, आणि दोन्ही उपाय केल्यावरच तो वाचण्याजोगा झाला.