मदत हवी आहे: न्यूरोफिलामेंट तपासणीसाठी बेळगावातून प्लाझ्मा कसा पाठवायचा?

नमस्कार मंडळी. खानापूर-निपाणी भागातल्या मोटर न्यूरॉन आजाराच्या (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी झिजत जाण्याच्या) रुग्णांचं न्यूरोफिलामेंट लाइट तपासायचं आहे. चेतापेशीच्या लांब तंतूला आतून आधार देणारं हे प्रथिन. तंतू मोडला की ते मणक्यातल्या पाण्यात उतरतं आणि तिथून अगदी थोडं रक्तात येतं. म्हणून पिकोग्रॅम (ग्रॅमचा अतिसूक्ष्म अंश) मोजणारं सिमोआसारखं यंत्र लागतं.

जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब, सेंट्रिफ्यूज, मग प्लाझ्मा (रक्तातला पेशींवेगळा द्रव) अर्धा-अर्धा मिली करून उणे 80 अंशांवर, इथपर्यंत जमतं. पुढे अडतंय. बेळगावात कोरडा बर्फ कुठं मिळतो? पुणे किंवा बेंगळुरूत ही तपासणी कोण करतं? आणि त्यांना प्लाझ्मा चालतो की सीरमच (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) हवं? सीरमचा आकडा जास्त येतो, दोन्ही एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

वय आणि किडनीचा बिघाड यांनीही आकडा चढतो, त्यामुळे क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) सोबत देणार आहोत. मानेत मज्जारज्जू दबला असला तरी तो वाढू शकतो; एवढ्यावरून निदान नकोच. एसओडी1 जनुकात दोष असलेल्यांसाठी मात्र तो फार मोलाचा: 2023 मध्ये अमेरिकेत त्यांच्यासाठीच्या टोफर्सेन या औषधाला मान्यता मिळाली ती रक्तातलं हेच प्रथिन घटलं म्हणून. त्या जनुकाची तपासणी कुठं होते, तेही माहीत असेल तर कळवा.