‘जनता क्रांतीला तयार नाही’, यातलं ‘तयार’ म्हणजे नक्की काय?

बोरीकाठ

मंडळी, एक वाक्य डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतोय. भाचा माझ्याकडे अमळनेरला राहून एमपीएससी करतो. तो सप्टेंबर २०२५ चे नेपाळचे व्हिडीओ परत बघत होता, पोरं रस्त्यावर आली आणि दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला ते, आणि बघता बघता म्हणाला, मामा, आपली जनता अजून क्रांतीला तयार नाही. मी हो म्हटलं. रात्री पडल्यावर वाटलं की हो कशाला म्हटलं, त्या वाक्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ मला धड सांगता आला नसता.

क्रांती घ्या. धातू क्रम्, पाऊल टाकणं, ओलांडणं. पराक्रम, आक्रमण, अतिक्रमण, संक्रांत सगळे त्याच घरातले. ज्योतिषात क्रांतिवृत्त म्हणजे सूर्याची आकाशातली वर्षभराची वाट. राज्य उलथवणं हा अर्थ नंतरचा, रेव्होल्यूशनला आपल्याकडे शब्द हवा होता तेव्हा आलेला. तो रेव्होल्यूशनसुद्धा आधी ग्रहांच्या फेऱ्यांचाच शब्द, कोपर्निकसचं १५४३ चं पुस्तक त्या फेऱ्यांवरच आहे. पण मला यात एक फरक फार मोलाचा वाटतो, तिकडच्या शब्दात गोल फिरणं आहे, आपल्या शब्दात पाऊल आहे, आणि पाऊल म्हटलं की ते कुणाचं हे विचारावंच लागतं.

मग जनता. ‘जनता तयार नाही’ म्हणणारा माणूस स्वतःला जनतेत धरत नाही हे कधी लक्षात आलंय का? ‘मी तयार नाही’ असं कुणी म्हणत नाही. इंग्रजांचंही हेच म्हणणं होतं की हिंदी लोक स्वराज्याला अजून लायक नाहीत. म्हणजे राज्य करणारा आणि क्रांतीची स्वप्नं बघणारा, दोघंही लोकांबद्दल एकच वाक्य बोलतात. मला हे खूप लागलं.

आणि तयार? इथेच अडलोय. तुमच्याकडे हा शब्द कसकसा वापरतात ते सांगा.

रावेरकर

भाऊ, आमच्याकडे केळीच्या बागेत हा शब्द रोजचा आहे. घड तयार झाला म्हणजे पिकला नाही. फळाच्या धारा मोडून ते गोल भरलं की घड तयार, आणि तो हिरवागारच असतो, तेव्हाच कापायचा, पिकतो नंतर, कुठेतरी लांबच्या गावाला. झाडावर पिवळा होईपर्यंत थांबलात तर माल वाटेतच जातो. लोक ‘पिकलेले’ दिसायची वाट बघणारे इथेच चुकतात असं मला वाटतं, वरून हिरवं दिसतं म्हणून तयार नाही म्हणतात.

अजून एक शब्द घ्या, उठाव. १८५७ चा उठाव म्हणतो तोच आणि आज केळीला उठाव नाही म्हणतो तोही. दोन्हीकडे पडून असलेलं काहीतरी उठतं. पण बाजारातला उठाव एकट्या मालावर ठरत नाही, समोर घेणारा लागतो, गाड्या लागतात, पैसा लागतो.

आणि फैजपूरची आठवण काढायलाच हवी, आमच्याच भागातलं आहे. डिसेंबर १९३६, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, शेतसारा न् कर्जाचा कार्यक्रम तिथे मांडला गेला. खेड्यातल्या लोकांना यातलं काही समजत नाही असं धरून चालले असते तर ते खेड्यात आलेच नसते.

पांझराकाठ

धुळ्याहून. इन्किलाबबद्दल थोडं. हा अरबी शब्द, मूळ अर्थ उलटणं, पालथं होणं. इन्किलाब झिंदाबाद ही घोषणा हसरत मोहानींनी १९२१ ला दिली आणि १९२९ नंतर भगतसिंगांमुळे घरोघरी गेली. पण आजच्या अरबीत इन्किलाब म्हणजे लष्कराने सत्ता बळकावणं, लोकांच्या क्रांतीला ते सौरा म्हणतात. इजिप्तमध्ये २०११ ला अठरा दिवसांत राष्ट्राध्यक्ष मुबारक गेले, ती सौरा. २०१३ ला लष्कराने निवडून आलेल्या मुर्सींना काढलं तेव्हा अर्धा देश त्याला सौरा म्हणत होता आणि अर्धा इन्किलाब. शब्दावरून भांडण होतं पण ते नुसतं शब्दाचं नव्हतं, पाऊल कुणाचं हेच भांडण. बोरीकाठभाऊंचा प्रश्न तिथे अगदी जसाच्या तसा उभा राहिला होता.

आपल्याकडे बंड आणि उठावाचं तेच. खाज्या नाईक, भीमा नाईक हे भिल्ल पुढारी सातपुड्यात इंग्रजांशी लढले, ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीची लढाई झाली, आणि त्याला किती वर्षं ‘भिल्लांचं बंड’ म्हटलं गेलं. बंड म्हटलं की कसूर बंड करणाऱ्याची, उठाव म्हटलं की आधी कुणीतरी दाबून ठेवलं होतं हे मान्य करावं लागतं. मी तर पोरांना शिकवताना बंड शब्द वापरतच नाही.

शहादेकर

सगळं वाचलं, पण मला केळीचं उदाहरण अर्धंच पटतंय. घड आपोआप तयार होतो, माणसं होत नाहीत.

शहाद्याचं सांगतो. आदिवासींच्या जमिनी सावकारीत गेलेल्या, त्याच जमिनीवर ते सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी. चीड तर पिढ्यान् पिढ्या होती, मग १९७२ च्या आसपासच का उभे राहिले? आदिवासींचे पुढारी अंबरसिंग महाराज त्याआधीपासून गावोगाव फिरत होते, नंतर श्रमिक संघटना आली, पाड्यापाड्यांत बैठका झाल्या, जमिनीचे कागद कसे बघायचे, मजुरी किती मागायची, हे सगळं बसून ठरवलं. बायकांनी दारूच्या विरोधात मोर्चा उघडला तो कुणी सांगून नाही, बैठकांना यायला लागल्या, बोलायला लागल्या, त्यातून. पुढे आदिवासींना जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा आला त्याच्यामागे असल्या लढ्यांचा रेटा होता. तिथे कुणी ‘लोक तयार आहेत का’ विचारत बसलं नाही, तयारी करत गेले.

बोरीकाठ

शहादेकरभाऊ, तुमच्या शेवटच्या वाक्याने माझं कुलूप उघडलं. आपण तालमीत म्हणतो ना, तयारीचा पैलवान, किंवा गाण्यात, तयारीचा गळा. तिथे तयार म्हणजे मन झालेला नाही, मेहनत करून झालेला. मन झालंय त्याला मराठीत वेगळा शब्द आहे, राजी. भाच्याच्या वाक्यात हे दोन्ही एकात मिसळलेत. लोक राजी असतील, पेट्रोलच्या भावावर, पेपरफुटीवर, कापसाच्या भावावर चहाच्या टपरीवर ऐका, राजीच आहेत. पण राजी असणं म्हणजे तयारीचं असणं नाही. साताऱ्याच्या प्रतिसरकारने, म्हणजे बेचाळीसनंतर इंग्रजांना डावलून लोकांनी चालवलेल्या सरकारने, गावोगाव न्यायनिवाडे चालवले, स्वतःचं दल उभं केलं, आणि त्यांचीच माणसं १९४४ मध्ये आपल्या चिमठाण्याला सरकारी खजिना लुटून गेली, ते तयारीचे होते. नेपाळला सरकार दोन दिवसांत पडलं, मग पुढे कोण हे ठरवायला पोरांना ऑनलाइन चर्चा कराव्या लागल्या. हे त्यांना कमी लेखून नाही म्हणत, एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांनी गोळ्या झेलल्या आहेत.

पांझराकाठ

मग नंदुरबारचं काय म्हणाल भाऊ? ९ सप्टेंबर १९४२, शिरीषकुमार सोळाव्या वर्षात, हातात झेंडा, तोंडात ‘नहीं नमशे’, म्हणजे गुजरातीत ‘झुकणार नाही’, आणि पोलिसांच्या गोळीबारात तो आणि त्याच्यासोबत अजून चार पोरं गेली. ते राजी की तयारीचे?

बोरीकाठ

याचं उत्तर मी पटकन देणार नाही, देऊही नये. तयारीचा म्हटलं तर त्या वयाला तो शब्द जड होतो आणि राजी म्हटलं तर हलका पडतो. कदाचित घरात, शाळेत, प्रभातफेऱ्यांत, रोज थोडं थोडं जे कानावर पडलं तीच त्यांची तयारी असेल, आणि ती बाहेरून कुणाला दिसत नसेल. साने गुरुजी १९३० ला शिक्षकाची नोकरी सोडून सत्याग्रहात गेले त्याआधी आमच्या अमळनेरच्या शाळेत सहा वर्षं शिकवत होते, त्या वर्गात बसलेल्या पोरांकडे बघून कुणी म्हटलं असतं का की जनता तयार होतेय?

भाच्याला हा धागा वाचायला दिलाय. तो म्हणतो मामा, अहिराणीत कसं विचारशीन, ‘लोके तयार शेतस का?’ पण हा तर प्रमाणभाषेतूनच घेतलेला तयार झाला. जुन्या बायका पेरणीआधी वावर बघून ‘वापसा उना का’, म्हणजे जमिनीत पेरणीपुरती ओल आली का, असं विचारायच्या, तसा माणसांसाठी वापरायचा शब्द अहिराणीत किंवा तिकडे धडगावच्या पावरीत, भिलीत आहे का? शहादेकरभाऊ, तुमच्या पाड्यांवरच्या म्हाताऱ्यांना विचारून सांगा.