एशियाडच्या हॉकीत 26-0 चे सामने हवेत कशाला?

जुळे सोलापूर
मंडळी, काल सात रस्त्यावर चहा पिताना आमच्यात यावरून चांगलीच जुंपली, म्हणून धागा काढतोय.

आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या हॉकीला बारा संघ कशाला? आठ पुष्कळ झाले. 2018 ला जकार्तात आपण गटात इंडोनेशियाला 17-0, हाँगकाँगला 26-0, श्रीलंकेला 20-0 ने हरवलं. जपान 8-0, कोरिया 5-3. पाच सामन्यांत 76 गोल! आणि उपांत्य फेरीत? मलेशियाने शेवटच्या मिनिटांत 2-2 अशी बरोबरी केली आणि शूटआऊटमध्ये 7-6 ने आपल्याला अंतिम फेरीबाहेर ठेवलं. ज्या बचावफळीला आठवडाभरात जेमतेम काम पडलं, तिला एकदम एका गोलाची आघाडी टिकवायला सांगितलं तर असंच होणार.

बरं, नुकसान एका पदकाचं नव्हतं. एशियाडच्या सुवर्णाबरोबर ऑलिंपिकचं थेट तिकीट असतं. ते हुकलं म्हणून नोव्हेंबर 2019 मध्ये भुवनेश्वरला रशियाशी पात्रतेचे सामने खेळायची वेळ आली. ते दिवस मला अजून आठवतात, जीव टांगणीला लागला होता.

पुढच्या एशियाडला, हांगझोऊत, सुवर्ण मिळालं म्हणून सगळे गप्प आहेत. पण तिथंही तेच. उझबेकिस्तान 16-0, सिंगापूर 16-1, बांगलादेश 12-0. 24 सप्टेंबर ते 6 ऑक्टोबर 2023, तेरा दिवसांत सात सामने. एवढ्या दाटीत खेळाडूंच्या मांड्या-पोटऱ्या असल्या सामन्यांत का झिजवायच्या?

अक्कलकोट रोड
शंभर टक्के सहमत. 16-0 चा सामना मी दुसऱ्या क्वार्टरला बंद केला. आपल्याकडे आधीच हॉकी बघणारी माणसं मोजकी, त्यात पोराला पहिल्यांदा हॉकी दाखवायला बसवलं तर तो म्हणाला, पप्पा, समोरचे खेळत का नाहीत?

पीटीचे सर (निवृत्त)
मला हे पटत नाही, आणि जरा सविस्तर सांगतो.

1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हॉकीला संघ किती होते? तीन. भारत, जपान, अमेरिका. आपण जपानला 11-1 आणि अमेरिकेला 24-1 ने हरवलं. अमेरिका दोन्ही सामने हरली, तरी कांस्य घेऊन गेली. तुमचा नियम तेव्हा लावला असता तर उरला असता एकटा भारत. आणि 11 गोल खाल्लेला तो जपान पुढे कुठे पोचला? जकार्ताचं सुवर्ण त्यांनीच नेलं! तुमच्या यादीतला 8-0 वाला जपान तो हाच. गटात आपल्याकडून आठ गोल खाल्ले, अंतिम सामन्यात मलेशियाशी 6-6 बरोबरी केली आणि शूटआऊटमध्ये जिंकले. त्या आठ गोलांवरून त्यांना हिशोबातून काढलं असतं तर?

आता आपलंच बघू. 1982 च्या दिल्ली एशियाडला, आपल्या घरच्या मैदानावर, पाकिस्तानने अंतिम सामन्यात 7-1 ने लोळवलं. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने 8-0, 2022 ला बर्मिंगहॅममध्ये 7-0. तेव्हा कुणी म्हणालं का, की भारताला वगळा, सामना रंगत नाही?

माझा अनुभवही सांगतो. आमच्या शाळेचा संघ विभागीय स्पर्धेला गेला होता. पोरं मुरमाच्या मैदानावर शिकलेली, टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते सामन्याच्या सकाळी. पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू असा सरसरत येतो, की स्टिक टेकवेपर्यंत निघून गेलेला असतो. 14-0 ने हरलो. परतीच्या एसटीत एक पोरगं बोललं नाही. टेंभुर्णी गेल्यावर आमचा गोलकीपर जवळ येऊन म्हणाला, "सर, त्यांचा पेनल्टी कॉर्नर मला आता कळला. चेंडू खेचून गोलकडे मारणारा आधी उजवा खांदा खाली टाकतो." चौदा गोल खाल्ल्याशिवाय हे त्याला कुठे कळणार होतं? पुढच्या वर्षी त्याच शाळेकडून हरलो, पण 5-0 ने.

जुळे सोलापूर
सर, तुमचा मान राखून बोलतो. 11-1 पासून सुवर्णापर्यंत यायला जपानला 86 वर्षं लागली, ती काही आपल्याकडून मार खाऊन गेली नाहीत. त्यांनी घरी काम केलं. शिकण्यासाठी स्पर्धा हव्यातच, पण त्या त्यांच्या पातळीच्या हव्यात. 5-0 पर्यंत तुमची पोरं आली ती वर्षभर तुम्ही घाम गाळलात म्हणून. त्या 14-0 मुळे नव्हे.

पीटीचे सर (निवृत्त)
घाम कशासाठी गाळायचा, ते त्या 14-0 ने सांगितलं.

विजापूर वेस
एक गोष्ट राहतेय. लहान संघ काही फुकटात येत नाहीत, त्यांनाही आधी पात्रता स्पर्धा खेळावी लागते. आणि 26 गोल का होतात? गटात गुण आणि विजय सारखे झाले की गोलफरक मोजतात, म्हणून आघाडीवरचा संघ हात आखडता घेत नाही. गोलफरकाला दहाची मर्यादा घाला, दहानंतर राखीव खेळाडू खेळवायला कोच मोकळा.

लष्कर
मी शाळा-कॉलेजात हॉकी खेळले आहे, म्हणून मुलींचं बोलते. इथं पुरुषांचंच चाललंय.

हांगझोऊत मुलींनी सिंगापूरला 13-0, हाँगकाँगलाही 13-0 ने हरवलं आणि उपांत्य फेरीत चीनकडून 4-0 ने हरल्या. जपानला 2-1 ने हरवून कांस्य आणलं, पण थेट तिकीट गेलं. मग जानेवारी 2024 ला रांचीच्या पात्रता स्पर्धेत त्याच जपानकडून 1-0 ने हार, आणि पॅरिस ऑलिंपिक हुकलं. त्या संघात वैष्णवी फाळके होती, फलटण तालुक्यातल्या आसूची. आपल्या माळशिरसला लागून असलेला तालुका तो. पॅरिस हुकलं तेव्हा मला घरातलंच कुणी हरल्यासारखं वाटलं. त्यामुळे जुळे सोलापूर म्हणतात ती भीती खरी आहे.

पण संघ काढू नका, गट बदला. वरचे सहा एका गटात, बाकीचे दुसऱ्या गटात. वरच्या गटातले पहिले तीन आणि खालच्या गटातला पहिला, असे उपांत्य फेरीत. मोठ्यांना रोज कस लागेल, लहानांना जिंकायची खरी संधी मिळेल.

जुळे सोलापूर
ताई, हे मला आवडलं. आठचा हट्ट सोडतो, बारा राहू देत. पण खालच्या गटातला थेट उपांत्य फेरीत नको. आधी वरच्या चौथ्याशी खेळून यावं त्यानं.

पीटीचे सर (निवृत्त)
आणि त्या गटातले उरलेले पाच? बांगलादेशच्या पोरानं एशियाडला जाऊन आपल्या हरमनप्रीत सिंगची ड्रॅग फ्लिक, म्हणजे पेनल्टी कॉर्नरला चेंडू खेचून मारलेला फटका, पाहायची ती प्रेक्षकांत बसून? तिच्यासमोर पॅड बांधून उभं राहण्यासाठी तो चार वर्षं राबलेला असतो. मला हे मान्य नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला आमच्या जुन्या शाळेच्या मैदानावर या. सातवीची पोरं दहावीवाल्यांशी खेळतात, दर महिन्याला. हरतातच. त्यांचे चेहरे बघा आणि मग बोलू.

जुळे सोलापूर
येतो सर. पण मी दहावीवाल्यांचेही चेहरे बघणार. कंटाळलेले दिसले तर तिथंच विचारणार.

अक्कलकोट रोड
मीही पोराला घेऊन येतो.