किडनी स्वॅपच्या जोड्या कॉम्प्युटर कशा लावतो?

सांगलीकर:
दादाचं डायलिसिस चालूये, ग्रुप ओ. वहिनी द्यायला तयार आहे पण तिचा बी, जुळत नाही, म्हणून स्वॅपला (दुसऱ्या कुटुंबाशी डोनरची अदलाबदल) नाव घालायला सांगितलंय आणि जोड्या म्हणे सॉफ्टवेअर लावतं. यादी बघून जो आधी आला त्याचं आधी, असं केलं तर काय बिघडतं?

आलेख:
बरंच बिघडतं. चार कुटुंबं धरा. क चं ख शी जुळतं, ख चं ग शी पण जुळतं, ग चं घ शी. कुणी घाईत ख-ग लावून टाकले की क आणि घ तसेच राहिले, तेच क-ख आणि ग-घ लावले तर चौघांना किडनी मिळते. चार असताना हे डोळ्यांना दिसतं, दोनशे असताना नाही दिसत. नुसत्या दोघा-दोघांच्या अदलाबदलीसाठी गणितज्ञ एडमंड्सची 1965 ची फास्ट पद्धत आहे, पण तिघांचं चक्र (क ची ख ला, ख ची ग ला, ग ची क ला) चालवून घेतलं की गणित भयंकर अवघड होतं, मग इंटिजर प्रोग्रामिंग (प्रत्येक अदलाबदल घ्यायची की नाही हे पूर्णांकांच्या समीकरणांतून ठरवणारं गणित) लागतं.

वाटसरू:
मग दहा जणांचं चक्र का नको?

आलेख:
ऑपरेशनं शक्यतो एकाच वेळी करतात, कारण एकाच्या बायकोने दिली आणि समोरचा ऐनवेळी फिरला तर जबरदस्तीने किडनी घेता येत नाही. तिघांच्या चक्रालाच सहा ऑपरेशनं. आणि एक क्रॉसमॅच (पेशंटचं रक्त डोनरच्या पेशींवर हल्ला करतं का ही चाचणी) शेवटी पॉझिटिव्ह आला की अख्खं चक्र तुटतं.

वॉर्डातली_ताई:
सांगलीकर, स्पष्टच सांगते, ओ पेशंट आणि बी डोनर ही अवघड जोडी आहे. ओ ची किडनी कुठल्याही ग्रुपला चालते, त्यामुळे ओ डोनर बहुतेक वेळा आपल्याच माणसाला देऊन मोकळा होतो, स्वॅपच्या यादीत येतच नाही. तुम्हाला असा ओ डोनर हवा ज्याचा पेशंट बी किंवा एबी आहे आणि ग्रुप चालत असूनही अँटीबॉडीमुळे (पेशंटच्या रक्तात डोनरविरुद्ध असलेल्या प्रथिनांमुळे) अडलाय. म्हणूनच नुसता जास्तीत जास्त आकडा गाठा असं सॉफ्टवेअरला सांगितलं तर अशा पेशंटवर अन्याय होतो, त्यांना जास्त गुण द्यायलाच हवेत असं माझं ठाम मत आहे.

सांगलीकर:
बहीण ओ आहे पण तिला शुगर आहे. भाऊजी पण तयार आहेत.

वॉर्डातली_ताई:
शुगर असेल तर तिला बहुतेक नाहीच म्हणतील. भाऊजी कायद्याने जवळचे नातेवाईक धरत नाहीत, स्वॅपला ते सहसा चालत नाहीत. आईवडील असतील तर त्यांचे ग्रुप आधी तपासा, वहिनींचं नाव मात्र या आठवड्यातच घाला, आणि ग्रुप न जुळता करतात ते ट्रान्सप्लांट दादाला झेपेल का हेही नेफ्रोलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) विचारा.